घरामागे गोल्फचं पटिंग ग्रीन करायचंय, काळ्या मातीवर टिकेल का?

शेवग्याखाली, ९ फेब्रुवारी

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. घरामागे मोकळी जागा आहे, साधारण ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद. एका कोपऱ्यात शेवगा, दुसऱ्यात कढीपत्ता, बाकी हराळी आणि लव्हाळा. इथे अप्पांसाठी छोटं पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायच्या सरावाची बारीक गवताची जागा, करावं असं मनात आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. २४ वर्षं सैन्यात होते आणि छावणीच्या मैदानावरच गोल्फ शिकले. निवृत्तीनंतर पुण्यात असेपर्यंत आठवड्यातून एकदा तरी खेळायला जायचे. मागच्या वर्षी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, दिवाळीपासून ते आमच्याकडे आहेत. १८ होल, म्हणजे अख्खं मैदान, चालणं आता होणार नाही, पण पटर, म्हणजे चेंडू ढकलायची काठी, त्यांच्या हातातून सुटलेला नाही. संध्याकाळी दिवाणखान्यात सोलापुरी चादर अंथरतात, पलीकडे स्टीलचा पेला आडवा ठेवतात आणि तासभर चेंडू ढकलत बसतात. चादरीवरच्या नक्षीची कड आली की चेंडू तिथे हटकून थोडा उडतो. ते काही बोलत नाहीत, चादर पुन्हा हाताने सपाट करतात. ते बघूनच मी ठरवलं, की यांना नीट जागा करून द्यायची.

परवा एक लॉनवाले येऊन गेले. म्हणाले, जागा खुरपून सपाट करू, दोन इंच वाळू पसरू, वर ३५ मिमीचं मऊ गवत अंथरू. दोन दिवसांचं काम, सगळं धरून चौरस फुटाला ७० रुपये. नमुन्याचा तुकडा पायाला फार छान लागला. अप्पांनी त्यावर चेंडू ठेवला आणि पटरने हलकेच ढकलला. दीड फूट जाऊन थांबला. त्यांनी चेंडू उचलून खिशात ठेवला आणि आत गेले.

मला कळत नाही ते असं. आमच्याकडे निव्वळ काळी माती आहे, मे महिन्यात कुंपणाच्या कडेने हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर हे टिकेल का? आपल्या उन्हात प्लॅस्टिकचं गवत किती तापतं? आणि नळाला चार दिवसांआड पाणी येत असताना खऱ्या गवताचा विचार तरी करावा का? कुणी सोलापुरात घरी असं केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. घाई नाही, पण पावसाळ्याच्या आत व्हावं असं वाटतं.


बाळ्याचा शेतकरी, ९ फेब्रुवारी

ताई, माझं मत विचाराल तर प्लॅस्टिक नको. हराळी तुमच्याकडे आपसूक उगवलेलीच आहे. तीच वाढवा, बारीक कापत राहा. हराळी आमच्या रानात काढून निघत नाही, कमी पाण्यावर जगते, वाळली तरी पहिल्या पावसाला हिरवी होते. मातीला झाकण घालून तिचा श्वास कोंडायचा हे मला पटत नाही. लव्हाळा मात्र आधी काढा. वरून उपटू नका, खाली गाठ असते, ती राहिली की पुन्हा येतो. पावसाळ्याच्या तोंडाला तर दोन दिवसांत येतो.


टर्किश टॉवेल, १० फेब्रुवारी

ताई, अप्पांनी चेंडू खिशात ठेवला ते अगदी बरोबर केलं. ३५ मिमीचं गवत बसायला, लेकरांना लोळायला चांगलं. गोल्फचा चेंडू जेमतेम ४२.६७ मिमीचा असतो. तो एवढ्या गवतात गळ्यापर्यंत बुडणार, मग पळणार कुठनं?

मी घरी ग्रीन केलेलं आहे, विजापूर रोडला. एकदा नाही, दोनदा केलंय. म्हणून सगळं सांगतो.

आमचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे माग आहेत. आम्ही मूळचे पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलतो, आणि आजोबांपासून हाच धंदा. गोल्फशी संबंध आला तो टॉवेलामुळं. एका निर्यातदाराची ऑर्डर आली, १६ बाय २४ इंचाचा टॉवेल, तिहेरी घडी आणि वरच्या कडेला पितळी रिंग. रिंग कशाला, असं मी विचारलं, तर ते मला पुण्याला मैदानावर घेऊन गेले. टॉवेल बॅगेला टांगलेला असतो, एक कोपरा ओला ठेवतात, त्यानं चेंडूची माती पुसतात, कोरड्यानं काठी. तिथं त्यांनी माझ्या हातात पटर दिला. चौथ्या का पाचव्या वेळी चेंडू भोकात पडला. तो टुक आवाज अजून माझ्या कानात आहे. परत आल्यावर सहा महिन्यांत मी घरामागं ग्रीन करून घेतलं.

ते वाया गेलं. मलाही तुमच्यासारखंच सांगितलं होतं, खुरपा, वाळू टाका, अंथरा. गड्ड्याची जत्रा उरकली आणि जानेवारीच्या शेवटी काम झालं. मार्चपर्यंत सुरेख होतं. एप्रिलमध्ये चेंडू एका ठिकाणी आला की डावीकडं ओढला जायला लागला. आधी वाटलं माझाच हात वळतोय. मग कडेचे खिळे काढून गवत उचललं, तर खाली वाळूच नव्हती, सगळी भेगेत गेलेली. लोखंडी फूटपट्टी भेगेत सोडली, १२ इंच पूर्ण आत गेली आणि तळ लागला नाही. जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले, तीच माती पाणी पिऊन फुगली आणि मधोमध पाठ वर आली. वर्षाच्या आत सगळं गुंडाळलं. पैशापेक्षा वाईट याचं वाटलं, की नातू रोज संध्याकाळी यायचा, त्याचं येणं बंद झालं.

काळ्या मातीचा स्वभावच तो, ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. आपल्या भागात कुंपणाच्या भिंतींना तडे जातात ते त्यापायीच. तिच्यावर दोन इंच वाळू म्हणजे काहीच नाही. गवत बदलून ते सुधारत नाही, बैठक बदलावी लागते. तुम्ही खर्च कुठं करायचा असं विचाराल तर मी म्हणेन, सगळा बैठकीवर करा.

दुसऱ्या वेळी मी काय केलं ते बघा. जागा धरली २४ फूट बाय साडेबारा फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. साडेबाराच का, ते पुढं सांगतो. १० इंच माती काढली. ती भरते अडीच ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), पण खोदली की सुटी होऊन साडेतीन ब्रासच्या आसपास झाली, ती कुठं टाकायची हे आधी ठरवून ठेवा. तळाला न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, म्हणजे माती वर येत नाही आणि मुरूम खाली जात नाही. त्यावर ६ इंच मुरूम, एकदम नाही, ३-३ इंचाचे दोन थर. प्रत्येक थरावर पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, कोपऱ्यात मशीन जात नाही तिथं धुमसानं ठोकायचं. दोन ब्रास मुरूम लागला. बूट घालून टाच जोरात मारा, ठसा उमटला तर अजून ठोका. मुरुमावर ३ इंच अर्धा इंची खडी, एक ब्रास. सगळ्यात वर इंचभर क्रशरची डस्ट, पाव ब्रासला थोडी जास्तच.

मुरूम दाबला की त्यातनं पाणी फारसं खाली जात नाही, आणि आपल्याला तेच पाहिजे, कारण खाली काळी माती आहे. म्हणून मुरुमालाच उतार द्यायचा. मी साडेबारा फुटांत सव्वादोन इंच दिला, घराच्या उलट्या बाजूला. गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं चारी कोपरे बघितले. खालच्या कडेला खडीची चर काढून पाणी बाहेर नेलं. बाजूनं शहाबादी फरशीच्या पट्ट्या उभ्या गाडल्या, नाहीतर डस्ट कडेनं निसटते.

डस्ट सपाट करताना मी आठ फुटी ॲल्युमिनियमची पट्टी ओढली आणि मला वाटलं झालं. घरच्यांनी सुचवलं, रात्री बघा. रात्री बॅटरी जमिनीला टेकवून आडवी लावली, आणि दिवसा सपाट दिसलेल्या जागेवर ढीगभर सावल्या पडल्या. जिथं सावली तिथं खड्डा. दोन रात्री गुडघ्यावर बसून मूठमूठ डस्ट टाकत त्या सगळ्या घालवल्या. ताई, हे चुकवू नका. १२ मिमीच्या गवताखाली पेन्सिलीएवढा उंचवटासुद्धा चेंडूला कळतो. या बैठकीला नऊ दिवस लागले. गवत एका सकाळी अंथरून झालं.

आता गवताकडं येतो. हा माझ्या हातचा विषय आहे. आमच्या मागावर दोन बीम असतात, एक जमिनीचा, म्हणजे मूळ कापडाचा, ताणलेला, दुसरा पाइलचा, म्हणजे वर उभ्या राहणाऱ्या धाग्यांचा, सैल. सैल सोडलेल्या धाग्याची गुंडी उभी राहते, टॉवेलचा मऊपणा तो. ती गुंडी आडव्या धाग्यानं धरलेली असते. बाजारात मिळणारं हे गवत बहुतेक विणलेलं नसतं, टोचलेलं असतं. पातळ कापडात सुईनं धागा टोचतात आणि मागून लेटेक्स किंवा पॉलीयुरेथेनचा लेप देतात. धाग्याला धरून ठेवतो तो लेपच. म्हणून दुकानात गवताची वरची बाजू बघू नका, पालथं करा. तुकडा दुमडून टाक्यांच्या ओळी किती दाट आहेत ते बघा, पालथ्या बाजूचा लेप नखानं खरवडा, आणि एक झुबका चिमट्यात धरून ओढा. सहज हातात आला तर तो माल नको. पटिंगसाठी पाइल १० ते १५ मिमी, धागा दाट, टोकाला कुरळा. नायलॉनचा धागा सगळ्यात ताठ राहतो, महागही तोच. पॉलीप्रॉपिलीन स्वस्त पडतं, पण ते वाळू भरूनच उभं राहतं. लॉनचं मऊ गवत बहुतेक पॉलिथिलीनचं असतं, तुमच्या नमुन्याचा तुकडा तोच असणार.

पन्हा नक्की विचारा. इथं सर्रास दोन मीटर पन्ह्याचे रोल मिळतात. साडेबारा फुटाला असे दोन लागतील आणि मधोमध जोड येईल. कितीही चांगला चिकटवा, चेंडूला तो जोड समजतो. मी चार मीटर पन्ह्याचा रोल मागवून घेतला, म्हणजे १३ फूट, कडेची काटछाट जाऊन साडेबारा. जागा साडेबारा फूट धरली ती यासाठी.

आणि पाइलला दिशा असते. टॉवेलवरनं हात फिरवला की एका बाजूनं गुळगुळीत लागतो, उलटा फिरवला की अडतो. गवताचंही तसंच आहे. दिशेनं मारलेला चेंडू लांब जातो, उलटा मारलेला लवकर थांबतो. अप्पा जिथं उभे राहून जास्त खेळणार तिथून पाइल पुढं झुकलेली राहील असं अंथरा.


शेवग्याखाली, १० फेब्रुवारी

काका, किती आपुलकीने लिहिलंत. अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. बॅटरीचं आलं तिथे ते म्हणाले, "हा माणूस खरा खेळतो."

दोन गोष्टी राहिल्या. वाळू वर भरायची ती कोणती आणि किती? आणि भोक कसं बसवायचं? अप्पांना वाकता येत नाही आणि कडेला ठेच लागली तर गुडघा पुन्हा दुखावेल, ती काळजी मला सगळ्यात जास्त आहे.


हिरवळीचा माळी, ११ फेब्रुवारी

मी येरवड्याच्या गोल्फ मैदानावर ११ वर्षं माळीकाम केलं. आता गावी, मोहोळला असतो. माझ्याकडून थोडं.

आधी बाळ्याच्या दादांचं. दादा, तुमची हराळी गोल्फला परकी नाही. मैदानावरच्या ग्रीनला हराळीच्याच जातकुळीचं गवत असतं, निवडून काढलेल्या बुटक्या जातीचं. पण ते ३-४ मिमीवर कापतात, जवळजवळ रोज, सिलिंडरच्या खास मशीननं. घरच्या कात्रीनं किंवा फिरत्या पात्याच्या मशीननं तेवढं बारीक कापायला गेलं की मुळासकट भाजतं. आणि ३०० फूट हिरवळ उन्हाळ्यात हिरवीगार ठेवायची तर रोज १४०-१५० लिटर पाणी धरा. चार दिवसांआड नळ येणाऱ्या घरात ते करू नये असं मला वाटतं. जिवंत गवतासारखं सुख नाही, मी त्यातच वाढलो, तरी या घराला कृत्रिमच बरं.

ताई, भोकाचं माप ठरलेलं आहे. व्यास १०८ मिमी, खोली कमीत कमी १०१.६ मिमी. नळाच्या दुकानातल्या ११० मिमी पाइपाचा तुकडा लोक बसवतात. पण ११० हे बाहेरचं माप, आतून तो १०८ पेक्षा कमी भरतो. सरावाला चालेल, पण तुमच्या अप्पांना फरक कळेल. तयार कप मागवा, फार महाग नाही. मुरूम टाकायच्या आधी कपाच्या जागा ठरवा, कडेपासून निदान तीन फूट आत, आणि प्रत्येक भोकाभोवती दोन-तीन फूट उतार अगदी थोडा ठेवा, नाहीतर हुकलेला चेंडू थांबतच नाही. ३०० फुटांत तीन भोकं पुष्कळ झाली. गवत अंथरून, ताणून, कडेला पक्कं झाल्यावरच भोकाच्या जागी फुलीसारखा छेद घ्या आणि मग गोल कापा. आधी कापलंत आणि गवत अर्धा इंच सरकलं तर दुरुस्ती नाही.

वाकायचा प्रश्न सोपा आहे. पटरच्या मुठीच्या टोकाला बसणारा छोटा रबरी कप मिळतो. पटर उलटा धरून चेंडूवर दाबला की चेंडू चिकटून वर येतो. मैदानावर येणारे बरेच ज्येष्ठ लोक तो वापरायचे. ठेच लागू नये म्हणून शहाबादीची कड गवताच्या उंचीला बरोबर आणा, वर एक सूतही नको. आत जायच्या बाजूला पायरी न ठेवता जमिनीतूनच हळू चढ द्या.

वाळू सिलिकाची घ्या, गोल दाण्याची, धुतलेली, कोरडी. नदीची नको, तिच्यात गाळ असतो, तो गवताच्या पाठीतली पाणी जायची भोकं बुजवतो. भरायची थोडी थोडी. एक थर शिंपडायचा, ताठ खराट्यानं पाइलच्या उलट दिशेनं झाडायचं, पुन्हा शिंपडायचं. किती, ते चेंडूला विचारा. ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर असतो. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या एका हौशी खेळाडूनं तो १९३५ मध्ये तयार केला. आहे अगदी साधा. ३६ इंचाची पन्हळी पट्टी, जमिनीवर टेकणाऱ्या टोकापासून ३० इंचांवर एक खाच. खाचेत चेंडू ठेवून खाचेकडचं टोक हळू उचलायचं, साधारण २० अंशांवर चेंडू आपण होऊन सुटतो. जमिनीवर किती फूट गेला तो ग्रीनचा वेग. तीन चेंडू इकडून, तीन तिकडून सोडून सरासरी काढतात. बऱ्याच क्लबांत ८ ते १० फूट असतो. ॲल्युमिनियमच्या चॅनेलची पट्टी फॅब्रिकेशनवाला तासात करून देईल. वाळू वाढवून रोलर फिरवला की वेग वाढतो. अप्पांना कुठला वेग आवडतो ते त्यांनाच सोडायला सांगा आणि तिथं थांबा.


टर्किश टॉवेल, ११ फेब्रुवारी

माळीदादांनी वाळूचं नेमकं सांगितलं. मला ३०० फुटाला २०० किलोच्या आसपास लागली, पाच थरांत. गच्चीवर ताडपत्रीवर दोन दिवस वाळवून घ्या. दमट असली तर धाग्यांच्या टोकाला चिकटून बसते, खाली उतरत नाही.

ऊन राहिलं होतं. कारखान्यात बेअरिंग किती तापलं ते बघायचं इन्फ्रारेड थर्मामीटर असतं, त्यानं मी मे महिन्यात दुपारी अडीचला गवत मोजलं. हवा ४२, गवत ६४ अंश. अनवाणी पाय ठेवणं शक्य नाही. पाणी शिंपडलं की झटकन उतरतं, पण थोड्या वेळात पुन्हा तेवढंच. त्यात पाणी घालवू नका. पश्चिमेच्या बाजूला शेडनेट लावा, खेळ सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर. आणि एक बघा, मागच्या बाजूला आरशासारख्या काचेची खिडकी आहे का? आमच्या शेजारच्या नव्या इमारतीच्या काचेचं ऊन परावर्तित होऊन माझ्या गवताच्या एका पट्ट्यावर पडायचं, तिथली पाइल वितळून आडवी झाली. हात लावला तर केस जळल्यावर होतात तशा गाठी. त्या काचेसमोर बांबूचा पडदा टाकल्यावर थांबलं.

गवत अंथरताना रोल सकाळी उलगडून दोन-तीन तास उन्हात मोकळा पडू द्या, गुंडाळीचा बाक जातो. कामगारांना घाई असते, तुम्ही उभ्या राहा.


बाळ्याचा शेतकरी, १२ फेब्रुवारी

१५० लिटरचा हिशोब पटला. माझं म्हणणं मागे घेतो. काढलेली काळी माती फेकू नका ताई, मला सांगा, ट्रॉली घेऊन येतो. रानात टाकायला सोनं आहे ते.


शेवग्याखाली, १४ जून

मंडळी, चार महिन्यांनी येतेय. काम मार्चमध्ये झालं. माती बाळ्याचे दादा खरंच ट्रॉली घेऊन येऊन घेऊन गेले, दोन खेपांत. कॉम्पॅक्टर भाड्याने आणला. लव्हाळ्याच्या गाठी मी आणि आमच्या मावशींनी तीन दिवस बसून वेचल्या, घमेलंभर निघाल्या. चार मीटर पन्ह्याचा रोल यायला १९ दिवस लागले. आधीच्या लॉनवाल्यांनी दोन मीटरचाच घ्या म्हणून फार आग्रह केला, मी ऐकलं नाही.

बॅटरीची रात्र अप्पांनी स्वतः केली. खुर्ची टाकून बसले आणि मला बोटाने दाखवत राहिले, इथे, तिथे, अजून थोडी. साडेअकरा वाजले. मी इतक्या वर्षांत त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. छावणीतल्या ग्रीनवर सकाळी दव झाडायला एक लांब बांबू असायचा, तो दोघांनी धरून कसा ओढायचा, ते सगळं सांगत होते.

वाळू १८० किलोवर थांबवली. पट्टी करून घेतली होती. वेग साडेआठ फूट आला तेव्हा त्यांनी हात वर केला. रबरी कप पटरला बसवलाय. कड गवताबरोबर आहे, काठी न घेता आत जातात. रोज सहा वाजता खाली उतरतात, आठला नाश्त्याला येतात. शेवग्याची बारीक पानं फार पडतात, ती ओली झाली की चिकटतात, म्हणून ते खेळायच्या आधी खराटा मारतात. फांदी छाटू का विचारलं तर नको म्हणाले, सावली जाते.

परवा वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला, तासभर. मी खिडकीत जीव मुठीत धरून उभी होते. पाणी शहाबादीच्या खालच्या कडेने चरीत गेलं, अर्ध्या तासात गवत मोकळं. सकाळी अप्पांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा चेंडू सोडले. एकही वेडावाकडा गेला नाही. काका, तुमच्या टाचेच्या ठशाची आठवण झाली.

फक्त तिन्ही भोकांत पाणी साठून राहिलंय. स्पंजने काढलं, पण पावसाळाभर हे कसं करायचं? कप सिमेंटमध्ये पक्के बसवलेत.


हिरवळीचा माळी, १४ जून

ताई, कप काढायची गरज नाही. तळाजवळ, उताराच्या बाजूला, १२ मिमीच्या लांब ड्रिलनं तिरकं भोक पाडा, सिमेंट पार करून खडीच्या थरात निघेल एवढंच; मुरूम भेदू नका, नाहीतर पाणी खालच्या काळ्या मातीत जाईल. मग त्यात बारीक खडी सळईनं टोचत भरा. भोकाच्या तोंडावर नायलॉनच्या जाळीचा रुपयाएवढा तुकडा लावा, वाळू आत जाणार नाही. तीन भोकांना तासभर लागेल. उद्या उघडीप दिसते, उद्याच करून टाका.